फवारणीच्या ड्रोनची बॅटरी : सगळे सेल सारखे भरा, धोका टाळा



पाठीवरच्या पंपाने फवारणी करायची म्हणजे किती हाल, हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. आता काही गावांत हे काम ड्रोन करू लागला आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेला मंजुरी दिली. २०२३-२४ ते २०२५-२६ या काळात १५,००० महिला बचत गटांना भाड्याने फवारणी करण्यासाठी ड्रोन द्यायचे, असे त्यात ठरले. ड्रोनबरोबर चार्जर आणि नेहमीच्या बॅटरीखेरीज आणखी चार बॅटरी-संच द्यावेत, अशीही त्यात तरतूद होती. याशिवाय शेतकरी उत्पादक कंपन्या, सहकारी संस्था आणि काही तरुण शेतकरी यांनीही ड्रोन घेतले आहेत.

ड्रोन उडवायचे शिक्षण मिळते, औषधाचे प्रमाण सांगितले जाते. मात्र बॅटरी चार्ज कशी करायची याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. मोबाइल लावतो तशी लावली की झाले, असे वाटते. तसे नाही. ड्रोनची बॅटरी ही वेगळ्या जातीची वस्तू आहे. ती नीट भरली तर कित्येक हंगाम साथ देते. चुकीची भरली तर फुगते, निकामी होते आणि प्रसंगी पेटते. म्हणून या पत्रकात एकच गोष्ट नीट समजून घेऊ. बॅटरीच्या आतले सगळे सेल सारखे कसे भरायचे आणि ते तसे का भरायचे.

बॅटरीच्या आत काय असते?

फवारणीच्या बऱ्याच ड्रोनमध्ये लिथियम पॉलिमर जातीची बॅटरी असते. तिला बोलताना ‘लिपो’ म्हणतात. बाहेरून ती एक वीट दिसते, पण आत अनेक चपटे सेल एकापुढे एक जोडलेले असतात. बॅटरीवर ‘६ एस’ असे छापलेले असेल तर आत ६ सेल आहेत, ‘१२ एस’ असेल तर १२.

एका सेलचे चार आकडे पाठ करून ठेवावेत :

पूर्ण भरलेला सेल : ४.२० व्होल्ट
नेहमीचा धरलेला सरासरी आकडा : ३.७ व्होल्ट
ठेवणीत ठेवताना : ३.८० ते ३.८५ व्होल्ट
कायमचे नुकसान सुरू होते : ३.० व्होल्टच्या खाली

यावरून ६ सेलची बॅटरी पूर्ण भरली की सहा गुणिले ४.२०, म्हणजे २५.२ व्होल्ट दाखवते. १२ सेलची ५०.४ व्होल्ट आणि १४ सेलची ५८.८ व्होल्ट दाखवते.

काही बॅटऱ्या ‘हाय व्होल्टेज’ जातीच्या असतात. त्यांचा सेल ४.३५ व्होल्टपर्यंत भरतो. तुमची बॅटरी कोणती आहे, हे तिच्यावरच्या लेबलावर आणि सोबतच्या पुस्तिकेत पाहावे. अंदाजाने ठरवू नये.

सेल एकसारखे का राहत नाहीत?

एकाच वाफ्यात, एकाच दिवशी टोकलेले बी सगळे सारखे उगवत नाही. सेलचेही तसेच आहे. एकाच कारखान्यात, एकाच दिवशी तयार झालेल्या सहा सेलमध्येही थोडा फरक राहतो. एकाची साठवण जराशी कमी असते, दुसऱ्याचा आतला रोध जरासा जास्त असतो. मधले सेल जास्त तापतात, कडेचे लवकर निवतात. काही सेल नुसते ठेवले तरी हळूहळू जास्त उतरतात. नव्या बॅटरीत हा फरक जाणवतही नाही. पण पन्नास-शंभर वेळा भरून-उतरून झाले की तो वाढू लागतो.

सगळे सेल एकापुढे एक जोडलेले असल्यामुळे सगळ्यांमधून करंट मात्र सारखाच जातो. सहा बैलांचा नांगर ओढताना पाच बैल कितीही तगडे असले तरी सहावा बसला की तास तिथेच थांबते. बॅटरीची ताकद तिच्या सर्वांत कमजोर सेलएवढीच धरावी.

नुसते एकूण व्होल्ट पाहून का चालत नाही?

इथेच खरी गोम आहे. साधा चार्जर बॅटरीचे फक्त एकूण व्होल्ट पाहतो. ६ सेलच्या बॅटरीचे २५.२ व्होल्ट झाले की तो म्हणतो, ‘भरली’. पण आत काय चालले आहे?

समजा, पाच सेल प्रत्येकी ४.१६ व्होल्टवर आहेत. त्यांची बेरीज झाली २०.८०. सहावा सेल साठवणीला कमी, म्हणून तो आधीच भरला आणि पुढे जाऊन ४.४० व्होल्टवर पोचला. एकूण बेरीज किती? बरोबर २५.२०! चार्जरला सगळे ठीक दिसते, मीटरवरही आकडा बरोबर दिसतो. पण सहावा सेल धोक्याच्या रेषेपलीकडे गेलेला आहे.

रांजणांच्या ओळीत पाणी सोडले आणि एक रांजण लहान असला तर तो आधी भरून वाहू लागेल. पाणी वाहून गेले तर अंगण ओले होईल, एवढेच. सेलमध्ये मात्र जास्तीचा करंट वाहून जात नाही, तो आतच नुकसान करतो. आतल्या पत्र्यावर लिथियम धातूचा थर साचू लागतो, आतला द्रव फुटून वायू होतो, सेल तापतो आणि फुगतो. आतले पडदे फाटून दोन बाजू एकमेकींना चिकटल्या की ठिणगी बाहेरून यावी लागत नाही, आग आतूनच सुरू होते. एक सेल पेटला की शेजारचे सेल त्याच्या उष्णतेने पेटतात.

बॅटरी उतरताना हाच खेळ उलटा होतो. पाच सेल ३.६० वर आणि सहावा ३.०० वर असेल तर एकूण २१.० व्होल्ट दिसतात. सरासरी काढली तर प्रत्येकी ३.५. उडवणाऱ्या ताईला वाटते, अजून थोडी आहे, एक फेरी होईल. पण तो कमजोर सेल एकदम बसतो, मोटारींची ताकद तुटते आणि दहा लिटर औषधासकट ड्रोन पिकात किंवा विहिरीच्या काठी कोसळतो. ड्रोनचे नुकसान, औषध सांडले ते वेगळेच, आणि खाली माणूस किंवा जनावर असेल तर पुढचे बोलायलाच नको.

समतोल चार्जिंग म्हणजे काय?

लिपो बॅटरीला दोन प्रकारच्या वायरी असतात. एक जाड लाल-काळी जोडी. मुख्य करंट तिच्यातून जातो. दुसरी म्हणजे बारीक वायरींचा एक पांढरा प्लग. ६ सेलच्या बॅटरीला या प्लगमध्ये ७ वायरी असतात, म्हणजे सेलच्या संख्येपेक्षा एक जास्त. या बारीक वायरींतून चार्जर प्रत्येक सेलचे व्होल्ट वेगवेगळे वाचतो. या प्लगला ‘बॅलन्स प्लग’ म्हणतात.

समतोल साधणारा चार्जर असे काम करतो : जो सेल इतरांच्या पुढे गेला, त्याचा थोडासा करंट बाजूला काढून चार्जरमध्ये उष्णतेच्या रूपात घालवतो. तो सेल जागेवर थांबतो, मागचे सेल त्याला गाठतात. शेवटी सगळे ४.२० वर एका रेषेत येतात. चार्जरचा पंखा जोरात फिरतो आणि गरम हवा येते, ती काही अंशी यामुळेच.

हे काम सावकाश चालते. बाजूला काढायचा करंट बहुधा लहान असतो. हिशेब पाहा. १६ अँपिअर-तासांच्या बॅटरीत एक सेल दोन टक्के पुढे आहे, म्हणजे सुमारे ०.३२ अँपिअर-तास जास्त. चार्जर अर्ध्या अँपिअरने तो काढत असेल तर त्याला जवळजवळ ४० मिनिटे लागतात. म्हणून चार्जरवर ‘९८ टक्के’ दिसत असताना घाईने बॅटरी काढून घेऊ नये. शेवटचा वेळ वाया जात नसतो, समतोल साधण्याचे खरे काम त्याच वेळी होते.

काही कंपन्यांच्या बॅटरीत समतोल साधणारी पाटी आतच बसवलेली असते. अशा बॅटरीला बारीक वायरींचा प्लग बाहेर दिसत नाही. ती त्याच कंपनीच्या चार्जरवर लावावी आणि सेलचे आकडे ड्रोनच्या ॲपवर पाहावेत. सेल पाहायचे काम मात्र तिथेही चुकत नाही.

चार्ज करण्याची पद्धत

१. बॅटरी हातात घेऊन पाहा. फुगलेली, दबलेली, चिरलेली, गोडसर किंवा रसायनासारखा वास येणारी बॅटरी चार्जरला लावूच नका.

२. हात लावून पाहा. फवारणीहून आलेली बॅटरी गरम असते. ती सावलीत ठेवून निवू द्यावी. हाताला कोमट लागते तोपर्यंत थांबावे. लवकर निवावी म्हणून पाण्यात बुडवू नये, ओले फडके गुंडाळू नये.

३. चार्जरच्या वायरी आधी चार्जरला जोडा, मग बॅटरीला. उलट केल्यास मोकळी टोके एकमेकांना लागून मोठी ठिणगी पडते. लाल लालला, काळी काळीला.

४. बॅलन्स प्लग न चुकता जोडा. तो ओढताना वायरीला धरून ओढू नका, प्लगला धरा. वायर तुटली तर चार्जर त्या सेलला आंधळा होतो.

५. चार्जरवर बॅटरीची जात ‘लिपो’ आणि सेलची संख्या बरोबर निवडा. पाठीवरच्या पंपाच्या शिशाच्या बॅटरीची निवड तशीच राहिली असेल तर अनर्थ होतो. लिथियम फॉस्फेट जातही निराळी, तिचा सेल ३.६५ व्होल्टलाच भरतो.

६. ‘बॅलन्स चार्ज’ हीच पद्धत निवडा.

७. करंट बॅटरीच्या साठवणीएवढा ठेवा. १६,००० मिलिअँपिअर-तास म्हणजे १६ अँपिअर-तास; तिला १६ अँपिअरपेक्षा जास्त लावू नये. लेबलावर जास्तीची परवानगी स्पष्ट छापली असेल तरच जास्त लावावा. घाई नसेल तेव्हा ८ अँपिअरने भरली तर बॅटरीचे आयुष्य वाढते.

८. सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटे आणि शेवटची काही मिनिटे सेलचे आकडे पाहा. एखादा सेल इतरांना सोडून वर पळत असेल तर चार्जिंग बंद करा.

९. पूर्ण होईपर्यंत जवळपास माणूस असावा. रात्री लावून झोपी जाणे किंवा लावून बाजाराला जाणे, या दोन सवयी आजपासून सोडा.

जोडीच्या बॅटऱ्या जोडीनेच वापरा

दहा लिटरच्या अनेक ड्रोनमध्ये ६ सेलच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून वापरतात. मग त्या दोघी मिळून १२ सेलची एक बॅटरी होते. इथे दोन बॅटऱ्यांमधलाही समतोल लागतो.

एक बॅटरी नवी, दुसरी जुनी असेल तर काय होते? नवी २२.२ व्होल्टवर असताना जुनी १९.८ पर्यंत उतरलेली असू शकते. एकूण ४२.० दिसतात, पण जुनीचा प्रत्येक सेल ३.३ वर आलेला असतो. नव्या जोमदार खोंडाबरोबर थकलेला बैल जुंपला तर दोघांचेही हाल होतात, तसेच हे.

म्हणून बॅटऱ्या आणल्या त्या दिवशीच जोड्या लावाव्यात. तेलरंगाने किंवा चिकटपट्टीवर ‘१ क’ आणि ‘१ ख’, ‘२ क’ आणि ‘२ ख’ असे लिहून टाकावे. जोडी एकत्र भरावी, एकत्र उडवावी, एकत्र ठेवणीत टाकावी. जोडीतली एक गेली तर दुसरीला वेगळ्या जोडीत घुसवू नये.

घाईचा दिवस कसा निभावावा?

बोंडअळी किंवा सोयाबीनवरची अळी आली की सगळ्यांना फवारणी त्याच चार दिवसांत हवी असते. एक जोडी भरलेल्या टाकीसह साधारण १० ते १५ मिनिटे उडते आणि भरायला तास ते सव्वा तास घेते. म्हणूनच चार-पाच संच लागतात. हा हिशेब न करता कमी संचांवर काम घेतले की मग बॅलन्स प्लग न लावता, जास्त करंटने झटपट भरण्याचा मोह होतो. बॅटऱ्या बिघडतात त्या बहुधा अशाच दिवसांत.

त्यासाठी तीन गोष्टी कराव्यात. एक, आदल्या संध्याकाळी, माणसे जागी असताना, सगळे संच समतोल पद्धतीने पूर्ण भरावेत. दोन, संच क्रमाने फिरवावेत. उडून आला तो ‘निवण्याच्या’ ओळीत, निवला तो चार्जरवर, भरला तो ‘तयार’ ओळीत. तीन, बॅटरी पार रिकामी होईपर्यंत उडवू नये. उतरवल्यावर काही मिनिटांनी प्रत्येक सेल ३.७ व्होल्टच्या आसपास असावा. ३.५ च्या खाली गेलेला दिसला तर फेरी लांबली असे समजावे आणि पुढची फेरी आखूड करावी. एकरी भाड्यात मिळणारे जादा पैसे एका खराब झालेल्या बॅटरीत सहज निघून जातात.

शेतावर जनित्रावर चार्जिंग करणार असाल तर त्याची ताकद तपासा. ६ सेलच्या एका बॅटरीला १६ अँपिअरने भरताना शेवटी सुमारे ४०० वॅट लागतात. जोडीला ८०० वॅट आणि चार्जरची तूट धरून एक किलोवॅटच्या आसपास. जनित्र यापेक्षा दीडपट तरी मोठे असावे. वीज कमी-जास्त होत असेल तर चार्जर मध्येच बंद पडतो आणि समतोल अर्धवट राहतो. वीज परत आल्यावर तीच बॅटरी पुन्हा लावून काम पूर्ण करून घ्यावे.

जागा कोणती असावी?

कपाशीच्या भागात वेचलेला कापूस घरातच, पार आढ्यापर्यंत रचलेला असतो. काही घरांत सोयाबीनच्या भुशाची पोती, तर गोठ्यात कडब्याची गंजी असते. यांपैकी कशाजवळही बॅटरी चार्ज करू नये. औषधांचे डबे, डिझेल आणि गॅसची टाकी यांच्याजवळही नको. बाजेवर, गादीवर, लाकडी फळीवर नको. माडीवर आणि घरातून बाहेर पडायच्या एकमेव दाराजवळ तर मुळीच नको.

उत्तम जागा म्हणजे मोकळ्या पडवीत किंवा पत्र्याच्या छपराखाली, सिमेंटच्या किंवा शहाबादी फरशीवर, सावलीत. तिन्ही बाजूंनी विटांचा दोन-तीन थरांचा आडोसा करावा आणि दोन बॅटऱ्यांमध्ये अंतर ठेवावे. बॅटरी लोखंडी पेटीत ठेवायची असेल तर झाकण घट्ट बंद करू नये. आत वायू साठला तर पेटीच फुटते. शेजारी कोरड्या वाळूच्या दोन बादल्या आणि भरपूर पाणी मिळण्याची सोय असावी.

हवेकडेही लक्ष ठेवा. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा दुपारी चार्जिंग करू नये, सकाळी लवकर करावे. गाडीच्या बंद डिकीत किंवा ट्रॅक्टरच्या तापलेल्या पत्र्यावर बॅटऱ्या ठेवू नयेत. उलट निफाड भागात काही हिवाळ्यांत पहाटे पारा ५ अंशांच्या आसपास उतरतो. गारठलेली बॅटरी भरतानाही आत लिथियमचा थर साचतो. तेव्हा ती आधी घरातल्या हवेला येऊ द्यावी, उन्हे वर आल्यावर लावावी. शेगडीजवळ ठेवून मात्र शेकू नये.

आजारी बॅटरी कशी ओळखावी?

यासाठी एक शंभर पानी वही पुरे. प्रत्येक बॅटरीला एक पान द्यावे. आठवड्यातून एकदा दोन वेळचे आकडे लिहावेत : पूर्ण भरल्यावरचे आणि उडून आल्यावर निवल्यानंतरचे. मधल्या अवस्थेत, म्हणजे ३.८ च्या आसपास, सगळे सेल सारखेच दिसतात आणि दुखणे लपते. म्हणून दोन टोकांचे आकडेच कामाचे.

सर्वांत जास्त व्होल्टचा सेल आणि सर्वांत कमीचा सेल यांतला फरक काढा. कामचलाऊ माप असे :

०.०३ व्होल्टपर्यंत : बॅटरी ठीक.
०.०५ व्होल्टच्या आसपास : लक्ष ठेवा. पुढच्या वेळी कमी करंटने, पूर्ण समतोल होईपर्यंत भरा.
०.१० व्होल्ट किंवा जास्त, आणि समतोल करूनही पुढच्या उड्डाणानंतर तेवढाच फरक : बॅटरी कामातून काढा.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. समतोल साधणे म्हणजे उपचार नव्हे. चार्जर आज सगळे सेल एका रेषेत आणून ठेवील, पण ज्या सेलची ताकदच गेली आहे तो उद्या पुन्हा मागे पडेल. तोच तो क्रमांकाचा सेल वहीत वारंवार मागे दिसत असेल, तर तो सांगतो आहे की माझे वय झाले. ते ऐकावे. फुगवटा दिसेपर्यंत थांबू नये.

हंगाम संपल्यावर

फवारणी संपली की भरलेल्या बॅटऱ्या तशाच कोनाड्यात पडून राहतात. पूर्ण भरून ठेवलेली बॅटरी लवकर म्हातारी होते, पार उतरवून ठेवलेली मरते. चार्जरवर ‘स्टोरेज’ अशी पद्धत असते. तिने प्रत्येक सेल ३.८० ते ३.८५ व्होल्टवर आणून ठेवावा. दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त काम बंद राहणार असेल तरी असेच करावे. ठेवायची जागा थंड, कोरडी आणि मुलांच्या हाताबाहेरची असावी. महिन्यातून एकदा सेलचे आकडे पाहावेत आणि वहीत टिपावेत.

फुगली किंवा पेटली तर?

चार्ज करताना बॅटरी फुगू लागली, सुस्कारा टाकल्यासारखा आवाज आला किंवा धूर दिसला तर आधी मुख्य वीज बंद करावी. बॅटरी हाताने उचलू नये. माणसे आणि जनावरे दूर, वाऱ्याच्या उलट बाजूला न्यावीत. हा धूर विषारी असतो, तो छातीत जाऊ देऊ नये. वीज बंद झाल्याची खात्री असेल तर लांबून भरपूर पाणी मारावे. पाण्याने बॅटरी थंड होते आणि शेजारचे सेल वाचतात. तांब्याभर पाण्याने काही होत नाही. पाणी नसेल तर वाळू टाकून आग पसरू देऊ नये. अग्निशमनासाठी १०१ किंवा ११२ या क्रमांकावर फोन करावा. आग विझलेली दिसली तरी काही तास पहारा ठेवावा. अशी बॅटरी पुन्हा पेटू शकते.

फुगलेली पण न पेटलेली बॅटरी कधीही टोचू नये, दाबू नये, उकिरड्यात टाकू नये, भंगारवाल्याला देऊ नये. मोकळ्या जागी वाळूच्या बादलीत ठेवून विक्रेत्याला कळवावे. बॅटरी कचऱ्याबाबतच्या २०२२ च्या केंद्रीय नियमांनुसार जुन्या बॅटऱ्यांची योग्य विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. परत घेण्याची मागणी बिनदिक्कत करा.

शंका-समाधान

शंका : एकच सेल मागे आहे. गावातला वायरमन म्हणतो, तेवढाच सेल वेगळा भरून देतो किंवा बदलून देतो. द्यावे का?
समाधान : नाही. जुन्या पाच सेलमध्ये नवा एक घातला की समतोल आणखी बिघडतो. उघडलेल्या लिपो बॅटरीत चुकून दोन टोके लागली तर तिथेच पेट घेते.

शंका : बॅटरी पार उतरली, चार्जर घेत नाही. शिशाच्या बॅटरीच्या चार्जरवर जरा ‘उठवून’ घेतली तर?
समाधान : चार्जर घेत नाही तो तुमच्या भल्यासाठीच. सेल ३ व्होल्टच्या खाली बराच काळ राहिला असेल तर आत बिघाड झालेला असतो. जबरदस्तीने भरणे म्हणजे आगीला बोलावणे.

शंका : प्रत्येक वेळी समतोल पद्धतीने भरलेच पाहिजे का?
समाधान : होय, प्रत्येक वेळी. शेतावर फारच घाई असली तरी बॅलन्स प्लग लावलेलाच हवा, म्हणजे निदान एखादा सेल पुढे पळाला तर चार्जर थांबेल. आणि त्याच संध्याकाळी ती बॅटरी सावकाश, पूर्ण समतोल होईपर्यंत भरावी.

बंधू-भगिनींनो, ड्रोन महाग आहे, त्यामागे गटाचे कर्ज आहे आणि कितीतरी शेतकऱ्यांचे पीक वेळेवर फवारण्याची भिस्त आहे. एकूण आकड्यावर विसंबू नका, एकेक सेल पाहा. बॅलन्स प्लग, वही आणि वाळूच्या दोन बादल्या एवढी तयारी ठेवली तर तुमची बॅटरी टिकेल, घर सुरक्षित राहील आणि ऐन अळीच्या दिवसांत ड्रोन जमिनीवर बसून राहणार नाही. हे पत्रक चार्जरच्या वरच्या भिंतीवर चिकटवून ठेवावे. बॅटरी लावायचे काम घरातला जो कोणी करतो, त्याला एकदा वाचून दाखवावे.